पिंपळगावची वेळ

नाशिक, १२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय कोंडाजीसर,

नमस्कार. तुमच्या जागेवर आलेली मी उज्वला बोरस्ते. निरोपसमारंभात मी तुमच्या पाया पडले होते, पण तुमच्या गळ्यात तेव्हा इतके हार होते की पुढ्यात कोण आहे ते तुम्हाला दिसलं असेल असं वाटत नाही.

परवा फोन केला तो काकूंनी उचलला. म्हणाल्या, "ह्यांच्या डोळ्याचं आपरेशन झालंय, तीन महिने स्क्रीनकडं बघायचं नाय. निवृत्त झाले तरी केंद्रावरनं फोन आला का हे पळत सुटत्यात. म्हणून फोन मी ठेवून घेतलाय. काय विचारायचं ते कागदावर लिही, मोठ्या अक्षरात." म्हणून हे पत्र. शाळेत पत्रलेखनाला मला दहापैकी चार मिळायचे, तेव्हा सांभाळून घ्या.

काम असं आहे. आपल्या द्राक्ष उत्पादक संघाची सव्वीस केंद्रं, आणि प्रत्येक केंद्रावर तुम्ही तुमच्या हातानं बसवलेला एक सर्व्हर. वजनाच्या पावत्या, शीतगृहाच्या नोंदी, कुठल्या बागेची द्राक्षं कुठल्या कंटेनरमध्ये गेली, सगळं त्याच्यावर. आता ती मशिनं थकली आहेत. संघानं सव्वीस नवी घेतली आहेत आणि हंगामाआधी, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ती सुरू व्हायला हवीत. आमचे व्यवस्थापक ललितसाहेब म्हणाले, "कोंडाजीसर दिवसाला एक करायचे. तुम्ही आजच सुरुवात करा." मी म्हटलं, मी सगळी एकदम करीन. बोलून बसले खरी. माझी नेमणूक एकतीस जानेवारीपर्यंतची आहे. हे जमलं तर कायम, नाही तर दुसरीकडे अर्ज.

पद्धत सांगते. नव्या मशिनला फक्त वीज आणि नेटवर्कची वायर जोडायची. सुरू झालं की ते ऑफिसातल्या मुख्य सर्व्हरकडे आपली चौकशी करतं. मुख्य सर्व्हर त्याला ऑपरेटिंग सिस्टिम देतो, केंद्राचं नाव देतो आणि मी लिहून ठेवलेल्या यादीप्रमाणे एकेक सेटिंग लावत जातो. माणसानं मध्ये हात घालायचा नाही. पण यादी लिहायला तुम्ही काय काय केलं होतं ते कळायला हवं, आणि ते सगळं तुमच्या रजिस्टरमध्ये आणि डोक्यात आहे. रजिस्टर मिळालं. त्यात चांदवडच्या पानावर "प्रिंटर दुसऱ्या पोर्टला, पहिला वापरू नये" असं का? दिंडोरीचं मशीन दुपारी दोनला आपलं आपण बंद होऊन चालू का होतं? आणि पिंपळगाव बसवंतच्या पानावर तीन रेघा मारून लिहिलंय, "घड्याळ दहा मिनिटं पुढे. मुद्दाम. बदलू नये." ते का?

तुमची,
उज्वला


त्र्यंबकेश्वर, १९ नोव्हेंबर

चि. उज्वला,

तुझं पत्र चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग काकूंकडून वाचून घेतलं. तिन्ही वेळा त्यात तेच निघालं. सव्वीस मशिनं, सगळी एकदम!

बाई गं, मी दिवसाला एक करायचो ते मला एसटीत बसायची हौस होती म्हणून नव्हे. पहिल्या गाडीनं निघायचं, डब्याच्या पिशवीत पोळीभाजी आणि सिस्टिमच्या सीड्या एकत्र. केंद्रावर पोचलं की मशिनपुढे नारळ फोडायचा, सिस्टिम चढवायला बसायचं आणि पहिली पावती छापून निघाल्याशिवाय जागचं उठायचं नाही. बावीस वर्षं हे केलं. प्रत्येक मशिनचा स्वभाव मला ठाऊक आहे. ते सगळं पुसून तू एक यादी लावणार. लाव. आता मी काय, वांगी आणि शेवंती लावणारा माणूस.

विचारलंस म्हणून सांगतो. चांदवडला पहिल्या पोर्टात पाल शिरून मेली होती, तेव्हापासून तो पोर्ट धड चालला नाही. नव्या मशिनला तो प्रश्न नाही, कुठलाही वापर. दिंडोरीला दुपारी दोनला शेतीपंपांची वीज सुरू होते आणि दाब असा पडतो की मशीन अर्धमेलं होतं, म्हणून त्या वेळेपुरतं मीच त्याला झोपवून उठवायची सोय केली. तिथं चांगली बॅटरी बसव, मग गरज नाही.

पिंपळगावच्या घड्याळाला कारण आहे. पण ते अनुभवानं कळतं, कागदावर लिहून कळत नाही. तसंच ठेव.

कोंडाजी गांगुर्डे


नाशिक, ४ डिसेंबर

आदरणीय सर,

तुम्ही रागावलात ते कळलं. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांनी बावीस वर्षं वाढवलेलं तू एका फटक्यात उपटती म्हणल्यावर काय पेढे वाटतील व्हय?" पण सर, मी पुसत नाहीये. तुमच्या रजिस्टरची सव्वीसच्या सव्वीस पानं मी यादीत उतरवली आहेत, आणि प्रत्येक सेटिंगच्या वर कारणही लिहिलंय. मशीन ती ओळ वाचत नाही, ती पुढच्या माणसासाठी आहे. पाल आणि शेतीपंपसुद्धा त्यात आले आहेत.

यादीचे दोन भाग केलेत. सव्वीस जणांना सारखं ते एका जागी, ज्याचं त्याचं वेगळं ते ज्याच्या त्याच्या नावावर. सारखं जितकं जास्त तितकं उद्या सांभाळायला सोपं. म्हणून पिंपळगावला जाऊन आले. गेटवरच्या सहादूभाऊंना घड्याळाचं विचारलं. ते म्हणाले, "साहेबांनी ठेवलंय म्हंजी कायतरी असंलच की. आमच्याकडं पिंपळगावची वेळ म्हणत्यात तिला. तवापासून एक टेम्पो उशिरा आला नाय." ऑफिसात पाहिलं तर सर्वोत्तम केंद्राची ढाल पिंपळगावनं तीनदा पटकावली आहे!

तेव्हा मी ठरवलंय. जे पिंपळगावला चाललं ते सगळीकडे चालेल. इंटरनेटवरून वेळ घ्यायची सोय बंद करून दहा मिनिटं पुढची वेळ सव्वीसही मशिनांना लावते. तुमची खूण सगळ्या केंद्रांवर राहील याचा मला आनंद आहे. चुकत असेन तर मात्र कळवा.

उज्वला


त्र्यंबकेश्वर, १४ डिसेंबर

चि. उज्वला,

पत्र मिळालं. सेटिंगच्या वर कारण लिहितेस हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. थंडी फार आहे. शेवंती चांगली आली. उद्याच्या भाजीच्या टेम्पोबरोबर वांगी पाठवतो, भरून कर, काटे सांभाळ.

घड्याळाचं तू ठरवलंस ते वाचलं. तुझ्या बुद्धीवर माझा विश्वास आहे.

कोंडाजी गांगुर्डे


नाशिक, ६ जानेवारी २०२५

सर,

झालं! काकूंना म्हणावं, हे पत्र मोठ्यानं वाचा.

शुक्रवारी सर्वसाधारण सभेच्या हॉलमध्ये टेबलं मांडून सव्वीसही मशिनं ओळीनं लावली. नारळ फोडला, एकच, सगळ्यांच्या वतीनं. बाराला दहा कमी असताना वीज दिली आणि मी हात मागे बांधून उभी राहिले. खरंच बांधले होते, ओढणीनं, कारण मध्ये हात घालायचा मोह होतो. एकेका स्क्रीनवर अक्षरं धावायला लागली. चहा यायच्या आत सव्वीसावं मशीन म्हणालं, मी चांदवड, तयार आहे. अध्यक्षा प्रतिभाताई स्वतः बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्यात कोंडाजीरावांचं काय राहिलं?" मी म्हटलं, "ताई, सगळं त्यांचंच आहे, मी फक्त शुद्धलेखन केलं." मला त्या क्षणी इतका अभिमान वाटत होता की मी हॉलभर उगाच दोन चकरा मारल्या.

मशिनं क्रेटच्या टेम्पोतून केंद्रांवर गेली आणि सगळी चालू झाली आहेत. प्रत्येक केंद्राच्या कपाटात ताईंनी वेगळं मंजूर केलेलं एक सुटं मशीनही दिलंय. चालतं मशीन बंद पडलं तर सुट्याला वायर जोडून हिरवं बटण दाबायचं, बाकी ते स्वतः करून घेतं.

उज्वला


नाशिक, १६ जानेवारी

आदरणीय सर,

हे पत्र लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

हंगामातला पहिला कंटेनर अडकला. खरेदीदाराच्या तपासनीसानं कागद तपासले. आपल्या पावतीवर माल गेटवर आला अकरा वीसला. शीतगृहाच्या नोंदीत तोच माल आत गेला अकरा पंधराला. तो म्हणाला, "तुमची द्राक्षं गेटवर यायच्या आधीच फ्रीजमध्ये जाऊन बसतात का?" सगळे हसले, मग कोणीच हसलं नाही. शीतगृहांची घड्याळं वेगळी, ती बरोबर आहेत आणि माझी मशिनं दहा मिनिटं पुढे. पंचवीस केंद्रांवर हाच घोळ. एकट्या पिंपळगावचे कागद जुळतात, ते कसं ते मला कळत नाही.

ललितसाहेब म्हणाले, "माणसानं एक चूक एका ठिकाणी केली असती. तुमच्या पद्धतीनं ती एका दुपारी सव्वीस ठिकाणी पोचवली." मंगळवारी, एकवीसला, सभा आहे. माझी पद्धत बंद करून मशिनं पुन्हा एकेक करून हातानं लावायची असं ठरेल बहुतेक. आणि मग एकतीसला माझं काय, ते वेगळं सांगायला नको.

चूक माझी आहे. कारण न कळता मी सेटिंग घेतलं. तुमच्या रजिस्टरचं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

उज्वला


त्र्यंबकेश्वर, १९ जानेवारी, रविवार

उज्वला,

हे पत्र एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय, म्हणजे आजच हातात पडेल.

पिंपळगावच्या घड्याळाला काहीही कारण नाही. मी माझं मनगटी घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतो, एसटी चुकू नये म्हणून. पिंपळगावला मशीन बसवलं त्या दिवशी वेळ लावली ती मनगटावर बघून. शीतगृहाचं घड्याळही त्याच दिवशी, त्याच मनगटावर बघून लावलं. म्हणून तिथले कागद जुळतात. चूक माझ्या लक्षात आली तीन महिन्यांनी. तोवर हजारो पावत्या निघाल्या होत्या. घड्याळ मागे घेतलं तर एकाच वेळेच्या दोन-दोन पावत्या होतील, लोक विचारतील, आणि कोंडाजीसरांकडून चूक झाली असं होईल. ते मला सोसेना. म्हणून लिहिलं, मुद्दाम. आणि कुणी विचारू नये म्हणून लिहिलं, बदलू नये.

मग पावतीवर उशीर दिसू नये म्हणून टेम्पो वेळेआधी यायला लागले, ढाल मिळाली, माझं कौतुक झालं. पुढे मलाच वाटायला लागलं की मी ते मुद्दामच केलं होतं.

तू दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा तर स्पष्ट लिहिलंस, चुकत असेन तर कळवा. मी वांगी पाठवली. बावीस वर्षांत मला माझ्या कामाची लाज वाटली नव्हती, काल तुझं पत्र वाचून वाटली. तू माझं नाव झाकून उभी राहिलीस हे वाचून काकू म्हणाल्या, "आता तरी तोंड उघडा."

सोबत प्रतिभाताईंच्या नावे पत्र आहे. सगळं लिहिलंय, खाली सही आहे. सभेत वाचून दाखव.

कोंडाजी


नाशिक, २२ जानेवारी

सर,

तुमचं ताईंच्या नावचं पत्र मी सभेत काढलंच नाही, पिशवीत ठेवलं होतं. सगळ्यांसमोर ते वाचायला माझी जीभ उचलली नसती. ललितसाहेब बोलायला उभे राहिले आणि दारात तुम्ही दिसलात, डोळ्यांना ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. तुम्ही बोललात ते सव्वा मिनिट असेल. "ही चूक ह्या पोरीची नाही. माझी आहे. मी ती तेरा वर्षं झाकली." आणि वळून चालायला लागलात. मी मागे धावले तोवर रिक्षा गेली होती. पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहितेय.

मग ताईंनी विचारलं, "कोंडाजीराव असते तर हे दुरुस्त करायला किती दिवस लागले असते?" ललितसाहेब म्हणाले, "सव्वीस केंद्रं, सव्वीस दिवस." ताईंनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुला?"

मी म्हटलं, "मला केंद्रांनी पंधरा मिनिटं वजनकाटा बंद ठेवला तर पुरेल." म्हणजे एकाच वेळेच्या दोन पावत्या निघणार नाहीत, तुम्हाला तेव्हा जी भीती होती ना, तीच. दुपारी एकला सगळ्या केंद्रांवर काटे थांबले. मी यादीतली एक ओळ बदलली, वेळ इंटरनेटवरून घ्यायची. एकच ओळ, सर. एक वाजून अकरा मिनिटांनी सव्वीसावं केंद्र बरोबर वेळ दाखवायला लागलं. पिंपळगावचं शीतगृहाचं घड्याळ सहादूभाऊंनी स्टुलावर चढून हातानं मागे घेतलं. म्हणाले, "आजपास्नं आमीबी सगळ्यांसारखेच झालो म्हना की." अडलेल्या मालाच्या नोंदींना काय घडलं त्याचं पत्र जोडलं, तपासनीसानं ते मान्य केलं, कंटेनर सुटला.

ललितसाहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "चूक सव्वीस ठिकाणी गेली तशी दुरुस्तीही गेली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." एकतीस तारखेची काळजी आता राहिली नाही. नेमणुकीचा कागद मिळाला.

त्या ओळीच्या वर मी कारण लिहिलंय. तुमचं नाव घातलं नव्हतं. पण तुम्ही सगळ्यांसमोर एवढं बोलून गेलात, मग मीच झाकणारी कोण? आता लिहिलंय: "पूर्वी पिंपळगावचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. चूक होती. कोंडाजी गांगुर्डे यांनी स्वतः येऊन सांगितली." सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त अभिमान या ओळीचा आहे.

उज्वला


त्र्यंबकेश्वर, २८ फेब्रुवारी

चि. उज्वला,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला. पेन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. आज मात्र लिहायलाच हवं.

शिवरात्रीला आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी आणि काकू दोन दिवस चांदवडला बहिणीकडे गेलो. गेलोच आहे तर केंद्र लांबून बघावं म्हणून परवा सकाळी तिकडे गेलो. गेटवर टेम्पोंची ही रांग. आत गेलो आणि विजेचा दाब एकदम असा वाढला की सर्व्हरच्या मागून धूर निघाला. मशीन गेलं. काटा थांबला, पावती थांबली, ड्रायव्हर ओरडायला लागले. ऐन हंगाम, आणि बाहेर उन्हात द्राक्षं.

माझे हात शिवशिवायला लागले. बाह्या सरसावून मी पुढे झालो तर काट्यावरच्या कलाबाई मध्ये उभ्या. त्या सातवी शिकलेल्या आहेत, मीच त्यांना पावती छापायला शिकवली होती. त्यांनी कपाट उघडलं, सुटं मशीन काढलं, पदरानं पुसलं, दोन वायरी जोडल्या आणि हिरवं बटण दाबलं. मग स्टूल ओढून बसल्या आणि ड्रायव्हरांना म्हणाल्या, "ओरडू नका, त्येचं त्ये करून ऱ्हायलंय. च्या प्या जा."

मी स्क्रीनकडे बघत उभा राहिलो. डॉक्टरांची परवानगी मिळाली आहे, काळजी नको. ऑपरेटिंग सिस्टिम चढली. नाव आलं. मग एकामागून एक माझी सेटिंग येत गेली. प्रिंटर, काटा, शीतगृह, माझ्या रजिस्टरच्या पानावर ज्या क्रमानं होती अगदी त्याच क्रमानं. हे करताना मला तिथं सकाळची संध्याकाळ झाली होती. उज्वला, मला वाटलं होतं तू माझं काम पुसणार आहेस. ते तर माझ्या डोळ्यांसमोर, माझा हात न लागता, पुन्हा उभं राहत होतं.

तेवढ्यात एका ड्रायव्हरचा धीर सुटला. तो म्हणाला, "अहो बाई, त्या कोंडाजीसरांना तरी बोलवून घ्या कुणी!"

कलाबाईंनी मान वर केली, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "सर हितंच उभे हायेत. पण आता गरज लागत नाय त्यांची."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अठराव्या मिनिटाला पावती निघाली. गळ्यात हार घालून घेतले त्या दिवशीसुद्धा माझी मान इतकी ताठ नव्हती. मी त्या ड्रायव्हरला सांगितलं, ऐकलंस ना, गरज लागत नाही माझी, आणि ज्या मुलीनं हे केलं ती आमची आहे.

तुझा,
कोंडाजी